हारापुरती जागा

"नाक माझं घ्या," शकू म्हणाली आणि पदराने ते स्वच्छ पुसून, बाजारात जिन्नस दाखवावा तसं तिने ते पुंडलिकासमोर उंच धरलं. "आयचं नाक माझ्यावानीच व्हतं."

भिंतीला टेकलेला तिचा भाऊ गोविंदा एकदम ताठ झाला. "तुझ्यावानी? तुझं नाक बापाचं हाय गो. मेलेल्या आयला कशाला बट्टा लावतेस?"

"मग तुझं घ्यायचं? त्यापरीस भिजलेलं वांगं बरं दिसतं."

"शकूताई, जरा उजेडाकडं वळा," पुंडलिक खालच्या आवाजात म्हणाला. "आणि गोविंदा, तू हसू नकोस. हसलास की आठ्या पडतात. मला तुझं कपाळ हवंय."

शकूने मान वळवली. पौषातलं ऊन पडवीच्या कठड्यावरून आत येऊन पुंडलिकाच्या फळीवर पसरलं होतं. फळीवर जाड कागद होता आणि कागदावर एका बाईचं डोकं, अजून नाकाविना, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं थांबलं होतं. या दोघांची आई बायजा दिवाळीनंतर गेली. पेणच्या अलीकडच्या एका गावात भात लावण्यात आणि वाल झोडण्यात तिचा जन्म सरला. त्या सबंध जन्मात तिचा फोटो म्हणून कुणी काढला नव्हता. माणूस गेल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं, की भिंतीवर लावायला आपल्यापाशी काहीच नाही. मग कुणीतरी सांगतं, रोह्याला नदीपलीकडं अष्टमीत जा. तिथं मोजणी कचेरीतला पुंडलिक मोकल राहतो, तो काढून देतो. पैसे घेत नाही. फक्त रक्ताची माणसं घेऊन जा.

रक्ताची माणसं का, हे तिथं गेल्यावर कळे. पुंडलिक त्यांना ओळीने समोर बसवी आणि गेलेल्या माणसाला त्यांच्यातून गोळा करी. हनुवटी थोरल्या लेकाची, भुवया नातीच्या, कान सख्ख्या भावाचे. लोक आपापसात भांडत, शपथा घेत, एकमेकांच्या तोंडाकडे आयुष्यात प्रथमच इतकं निरखून पाहत. आणि त्या भांडणातून हळूहळू कागदावर तिसराच चेहरा उतरे. गेल्या अकरा वर्षांत, बायजा धरून, अशी त्रेचाळीस माणसं त्याने काढली होती. त्यांतल्या एकालाही त्याने पाहिलं नव्हतं.

"नाक दोघांचंही घे की," पडवीच्या पलीकडच्या दारातून आवाज आला. "नायतर ती बिचारी वर गेली तरी हे दोघे तिच्या नाकावर बसून भांडत राहतील."

ती हन्नाबाई, पुंडलिकाची शेजारीण. मधे भिंत नव्हती. दोन्ही बिऱ्हाडांना एकच लांब पडवी होती. तिचा नवरा निसीम अष्टमकर अष्टमीतला शेवटचा शनवार तेली, म्हणजे तेलाचा धंदा करणारा बेने इस्रायली ज्यू. शनिवारी त्याचा घाणा फिरत नसे, आणि आता त्याला जाऊन सात वर्षं झाल्यावर तो कुठल्याच वारी फिरत नव्हता.

शकू हसली आणि हसल्याचं मनाला लागून लगेच रडली. पुंडलिकाने नाकाचा दांडा भावाचा घेतला, नाकपुड्या बहिणीच्या. उतरत्या उन्हाला चित्र पुरं झालं तेव्हा शकूने नकळत पदर डोक्यावर ओढून घेतला. गोविंदा चित्राकडे झुकला. मग म्हणाला, "अशीच बघायची. मी उशिरा आलो की अशीच बघायची," आणि पायात वहाणा सरकवून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

ती दोघं गेल्यावर पुंडलिक कुंचले धुवत बसला. हन्नाबाई आपल्या दारातून उठून त्याच्यापाशी आली आणि कठड्यावर टेकली.

"माझं कधी काढतोस?"

तो हसला.

"थट्टा नाय करत. आता अकराच दिवस हायत. पुढल्याच्या पुढल्या गुरुवारी मी एसटीत बसणार, तिथून मुंबई, तिथून विमान. मोझेसने सगळे कागद धाडलेत."

मोझेस तिचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी तो इस्रायलला गेला. बिअरशेबा नावाच्या गावी कसल्याशा कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, हे तिच्या तोंडून साऱ्या आळीला पाठ झालं होतं. मागोमाग त्यांच्या समाजातलं एकेक घर गेलं. आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमत नसत.

"मावशी, तुम्ही हयात आहात," पुंडलिक म्हणाला.

"मग? गुन्हा झाला काय?"

"मी हयात माणसाचं काढत नाय. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुमच्यात मेल्यावर काढतात. आमच्यात तसबिरीला हार घालून हात जोडत नाय कुणी. तेव्हा काढायचं तर आत्ताच काढलं पायजे." तिने कंबरेची पिशवी सोडून पासपोर्टसाठी काढलेला फोटो त्याच्यापुढे धरला. "हे बघ. पेणला जाऊन काढला. सांग, ही कोण?"

फोटोत एक भेदरलेली म्हातारी डोळे वटारून बसली होती.

"तुम्हीच."

"मी? ही तर कोंबड्या चोरताना धरलेली बाई हाय. सरकारला चालते म्हणून मी काय बोलले नाय." तिने फोटो परत ठेवला आणि आवाज उतरवला. "आणि मला ते चित्र संगती न्यायचं नाय, पुंडलिक. तिथं कशाला? तिथं मी स्वतः असेनच. मला ते इथं ठेवायचंय. चाळीस वर्षं या पडवीत बसले. उद्या कुणाला वाटलं, हन्नाबाई कशी दिसायची ते बघू, तर तू कुणाला समोर बसवशील? मोझेस सगळा बापावर गेलाय. माझ्या नाकाला या मुलखात वारस नाय."

आत चंद्रावती, पुंडलिकाची बायको, भांडी घासत होती. त्या घासण्याचा आवाज मधेच थांबला.

"मला नाय जमणार, मावशी," पुंडलिक म्हणाला, आणि धुतलेलेच कुंचले पुन्हा धुवू लागला.

त्याला न जमण्याचं कारण जुनं होतं. बाविसाव्या वर्षी, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झाल्याच्या उमेदीत, त्याने आपल्या थोरल्या आत्याचं चित्र काढलं होतं. ते पेणला नेऊन काचेत मढवलं आणि पाडव्याच्या दिवशी माजघरात टांगलं. सारी भावकी बघायला आली. आत्या मात्र चौकटीखाली उभी राहून म्हणाली, "मला भिंतीवर लावलीस रे तू." त्याला वाटलं होतं, ती कौतुक करील. पण त्यांच्या घरांत भिंतीवर काचेआड बसण्याचा मान फक्त देवांना आणि गेलेल्यांना होता, ही साधी गोष्ट चित्राच्या नादात तो विसरला होता. आषाढात तापाचं निमित्त होऊन आत्या गेली. कुणी त्याला उघड बोललं नाही. आईने फक्त देव्हाऱ्यापुढे बसवून त्याच्याकडून शपथ घेतली, की जिवंत माणसावर पुन्हा हात उचलायचा नाही. उचलायचा, असाच शब्द तिने वापरला. आणि आत्याच्या तेराव्यालाच भावकीतला एक म्हातारा जवळ येऊन कुजबुजला, "हुबेहूब उतरवलीस. माझ्या बापाचं काढशील?"

शपथ घालणारी आईही पुढे गेली. पुंडलिकाचा असल्या गोष्टींवर विश्वास होता, असंही म्हणता येणार नाही. पण विश्वास गेला तरी हात आखडलेला राहतो. कचेरीत तो दिवसभर जुन्या नकाशांवर पारदर्शक कापड पसरून दुसऱ्यांच्या बांधांच्या रेषा उतरवी. रविवारी दुसऱ्यांचे आईबाप. कधी एखादा रविवार रिकामा मिळाला, तर फळी काखेत मारून तो कुंडलिका नदीच्या काठी जाई. एकदा तर धरमतरपर्यंत जाऊन खाडीतले पडाव बघत दिवसभर बसला होता. पाणी होतं, आभाळ होतं, मिठागरांवरचा पांढरा उजेड होता. त्याने कागद कोराच परत आणला. काय काढावं हे त्याला स्वतःला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. कुणीतरी मरे, आणि ते ठरे.

याहून वाईट एक गोष्ट होती, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती. जिवंत माणूस त्याला आता सबंध दिसेनासा झाला होता. एसटीत समोर बसलेल्या माणसाचा कान दिसला, की हा कान अमक्याच्या आज्याला चालला असता, असं मनात येई. एकदा स्वयंपाकघरात वाकलेल्या चंद्रावतीकडे पाहताना त्याला तिची मान दिसली, मानेवरचा तीळ दिसला, पण ती दिसली नाही. तो घाबरून बाहेर पडवीत येऊन बसला होता.

"काढू नका हां," त्या संध्याकाळी ताटं घेताना चंद्रावती म्हणाली. "बाई साता समुद्रापल्याड चाललीय. तिथं तिचं काय बरंवाईट झालं, तर दोष कुणाच्या हाताला लावतील?"

"मी नायच म्हटलं."

"ऐकलं मी." ती थोडा वेळ भात कालवत राहिली. "पण खरं बोलली ती. नाकाचं."

पुंडलिकाने वर पाहिलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. चंद्रावतीला भाऊबहीण कुणी नव्हतं, आणि तिचे आईबाप तर लग्नाच्या पुढल्या दोन वर्षांतच गेले होते.

आठवडा गेला. पुढच्या रविवारी सकाळी पडवीत पावलांची वर्दळ सुरू झाली. हन्नाबाईने आपलं सामान वाटायला काढलं होतं. जे देऊन टाकायचं ते तिने हौसेने, ज्याचं त्याला ठरवून ठेवलं होतं. तरी माणसं ती माणसंच. पाटा-वरवंटा कुणाला म्हणाली होती यावरून दोन बायकांत जुंपली. जगन वाणी आला आणि पलंगाचे पाय ठोकून बघू लागला. कुणी तिचा कंदील नेला, कुणी तांब्याचा हंडा. हन्नाबाई मधोमध एका खोक्यावर बसून होती. माणसं तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होती. सामान उचलताना तिला वळसा घालून जात होती.

"चांगली बाई," जगन वाणी हंडा नेणाऱ्याला म्हणाला, "कधी कुणाशी वाकडं बोलली नाय."

"जगन," खोक्यावरून हन्नाबाई म्हणाली, "मी इथंच बसलेय रे."

जगन ओशाळून हसला आणि पलंगाचं दुसरं टोक उचलू लागला.

पुंडलिक आपल्या दारातून हे बघत होता. मृताच्या घरी चौदाव्या दिवशी जे होतं ते त्याने पुष्कळदा पाहिलं होतं. इथं फरक इतकाच होता, की जिचं होत होतं ती खोक्यावर बसून सारं ऐकत होती. सामान गेलं, माणसं गेली. रिकाम्या घरात हन्नाबाई खोक्यावर तशीच राहिली, आणि उघड्या दारातून सरळ मागच्या परसापर्यंतचा उजेड दिसू लागला.

पुंडलिकाने फळी उचलली. चंद्रावती चुलीपाशी होती. तिने फळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि फुंकणी उचलली.

"बसा अशाच, मावशी," पलीकडे जाऊन तो म्हणाला.

 तिने केसांवरून हात फिरवला आणि मग तोही निरर्थक वाटून मांडीवर ठेवला. पण दोन क्षणही ती स्थिर राहीना. परातीत भिजवून मोड आणलेले वाल होते. ते तिने पुढे ओढले आणि सोलायला घेतले.

"हलू नका."

"मी हलणार. न हलणारी गिऱ्हाइकं तुला पुष्कळ मिळालीत."

तो काढू लागला. अकरा वर्षांत पहिल्यांदा समोर एकच माणूस होतं आणि तेच कागदावर यायचं होतं. भांडायला कुणी नव्हतं, हनुवटी दुसरीकडून आणायची नव्हती. त्याला वाटलं होतं, हे सोपं जाईल. तो तास-दीड तास खाली मान घालून काढत राहिला. वर बघे ते तुकड्यांनी. कपाळ, मग गाल, मग ओठांची कड. प्रत्येक तुकडा बरोबर होता. शेवटी त्याने फळी तिच्याकडे वळवली.

हन्नाबाईने हात पुसून चित्र जवळ घेतलं. 

"नाक माझंच हाय," ती म्हणाली. "डोळेही माझेच. पण पुंडलिक, ही बाई कुणाकडं बघतेय?"

त्याने पाहिलं. चित्रातली हन्नाबाई सरळ समोर बघत होती, खांदे सारखे, ओठ मिटलेले, मागे निळसर राखी रंगाचा हात फिरवलेला. ती कुणाकडेच बघत नव्हती. त्याच्या आधीच्या त्रेचाळीस जणांसारखीच ती जिथं बघत होती तिथं कुणी नव्हतं.

"आणि वर एवढी जागा कशाला सोडलीस?" तिने डोक्यावरच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. चांगली चार बोटं जागा होती.

 ती जागा तो नेहमी सोडी. चौकटीच्या खिळ्यावरून हार खाली उतरतो, त्याची दोन टोकं कपाळावर येऊ नयेत म्हणून. मढवणाऱ्याने फार पूर्वी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून हात आपोआप सोडत आला होता. आज त्याने ती सोडली, हे त्याला कळलंही नव्हतं.

हन्नाबाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा त्या पट्टीकडे पाहिलं.

"हाराला?" ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"अरे देवा. हाराला!" आणि ती हसू लागली. आधी बारीक, मग मोठ्याने, मग हात मांडीवर आपटून. वालाची परात कलंडली आणि सोललेल्या डाळिंब्या जमिनीभर झाल्या. "अरे, जित्या बाईला मापून हार शिवलास की रे! निसीम असता तर… निसीम असता तर…" तिला पुढचं बोलवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डोक्यावरचा पदर गळला, ती एका हाताने खोक्याचा आधार घेत वाकली आणि पुन्हा वर आली.

तेव्हा पुंडलिकाला ती दिसली. तुकड्यांनी नव्हे, एकदम. कुठलाही तुकडा जागेवर थांबत नव्हता, म्हणूनच बहुधा. त्याने पाठचा नवा कागद काढला. आता थांबा म्हणायला, मोजायला वेळ नव्हता. हसू थांबलं की संपलं. त्याने कोळसा आडवा धरून रेघा ओढल्या. एक डोळा दुसऱ्याहून बारीक झाला, नाक किंचित वाकडं गेलं, तोंड उघडंच राहिलं. ती हसत बोलत राहिली, तो हात थांबवत नव्हता. आणि तो थांबला तेव्हा डोक्यावरचे विस्कटलेले केस कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडले होते, काही तर कडेबाहेर गेले होते.

चंद्रावती हसण्याच्या आवाजाने दारात येऊन उभी होती. किती वेळापासून, कुणास ठाऊक.

हन्नाबाईने दुसरं चित्र पाहिलं. "एवढे दात पडलेत माझे?"

"व्हय, मावशी."

"आणि तोंड हे असं उघडं? मेल्या, असं कुणी काढतं काय बाईमाणसाचं?"

"पुसू?"

"हात लावून बघ." तिने कागद उचलून चंद्रावतीकडे दिला. "तू ठेव गो हे. याच्याकडं दिलं तर हा हार घालील."

चंद्रावतीला हसू आवरलं नाही. मग तिने कागद दोन्ही हातांनी नीट धरला आणि कोळसा पुसला जाऊ नये म्हणून अंगापासून लांब धरूनच घरात नेला. पहिलं चित्र हन्नाबाईने चार घड्या करून आपल्या सामानात घातलं. "विमानात कोण शेजारी बसलं नाय तर हिला बसवीन," ती म्हणाली.

बुधवारी तिने प्रवास सुखरूप व्हावा म्हणून एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. गोड पोह्यांचं, खोबऱ्या-केळ्याचं ताट पडवीभर फिरलं. गुरुवारी सकाळी पुंडलिकाने तिची वळकटी एसटीच्या टपावर चढवली. खिडकीपाशी बसताच ती नागोठण्याला गाडी किती थांबते, याची कंडक्टरकडे चौकशी करू लागली. निघताना मागे वळून बघायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, किंवा लक्षात ठेवून तिने टाळलं.

रविवार आला. विठू नावाचा एकजण कोलाडहून यायचा होता, गेलेल्या बापाच्या चित्रासाठी. दोन चुलते आणि एक आत्या संगती आणणार होता. पुंडलिकाने सकाळीच पडवी झाडून सतरंजी अंथरली. पलीकडच्या दाराला कुलूप होतं. दाराच्या चौकटीवर, जिथं मोझेसच्या आज्याने कधीकाळी धर्मवचनाची डबी ठोकली होती, तिथं ती काढून नेल्याची तिरपी फिकट पट्टी उरली होती.

चंद्रावती चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"एक विचारू?"

"विचार."

"मी गेले, तर कुणाला समोर बसवाल?"

त्याने चहाचा कप जवळ ओढला.

"नाय, खरंच विचारते. हन्नाबाईला निदान मोझेस तरी हाय, कान-बिन मिळाला असता. माझं नाक कुणाचं आणाल? हनुवटी कुणाची?" तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. भाजी कुणाकडून आणाल, असं विचारावं इतका साधा होता. "आठवून काढाल? एवढ्या वर्षांत कधी नीट बघितलंय काय तुमी मला?"

खोटं बोलणं सोपं होतं. चौदा वर्षांच्या संसारात माणूस याहून मोठं खोटं सहज बोलतो. पुंडलिक कपाकडे बघत म्हणाला, "नाय."

"मग," ती म्हणाली.

"लोक बोलतील. आत्याचं तुला ठाऊक आहे."

"बोलू देत. मरेन तर मी कधी ना कधी. तुमी काढा, नायतर नका काढू." ती थोडी हसली. "तेव्हा यांच्या हाताला दोष देऊ नका, असं आधीच सांगून ठेवीन सगळ्यांना."

तेवढ्यात विठू आला. मागे तिघं म्हातारी माणसं उन्हातून चालून दमलेली. पुंडलिक उठून उभा राहिला. ती माणसं कोलाडहून दोन गाड्या बदलून आली होती. 

"विठू," तो म्हणाला, "आज नाय होणार. माफ कर. तुला कळवायला हवं होतं."

"कोण आजारी हाय काय?"

"नाय. आज मला… घरचं काम आहे."

चंद्रावतीने म्हाताऱ्यांना आधी पाणी दिलं, मग बळेच बसवून पोहे खाऊ घातले. विठूला राग आला नव्हता. जाताना तो वहाणा शोधत म्हणाला, "बाप आता कुठं पळत नाय. पुढल्या ऐतवारी येतो."

ती मंडळी गेल्यावर चंद्रावती आत गेली आणि लग्नकार्याला नेसायची जांभळी साडी नेसून आली. सतरंजीवर भिंतीला टेकून बसली. पुंडलिकाने फळी मांडीवर घेतली. ती इतकी ताठ बसली होती, की तिलाच हसू आलं.

"हाय तशी बस," तो म्हणाला.

"हाय तशी मी बसतेच कुठं? असं बसायची सवय नाय मला."

तिचं खरं होतं. चौदा वर्षांत, भर दुपारी, काही न करता बसलेलं तिला त्यानेही पाहिलं नव्हतं. तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकदा तिने सतरंजीची निघालेली दशी ओढली, एकदा पदर सारखा केला. तो पाहत होता. घाई करायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. डाव्या भुवईतून गेलेला बारीक व्रण त्याला ठाऊकच नव्हता. तो कशाचा, हे त्याने विचारलं. लहानपणी विहिरीच्या रहाटाचा दांडा लागला होता, ती म्हणाली, आणि तिने रहाटाची, विहिरीची, वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन पेणच्या दवाखान्यापर्यंत कसं पळत नेलं त्याची गोष्ट सांगितली. सांगता सांगता तिचं बोलणं संथ झालं. पहाटे चारला उठलेली बाई. आधी घरचं, मग चार माणसांचं पोह्यांचं. "आलेच हां," ती पुटपुटली, कुणाला ते तिलाच ठाऊक, आणि भिंतीला डोकं टेकून तिचा डोळा लागला.

पुंडलिकाचा कोळसा कागदाच्या दिशेने निघाला. झोपेने तिचा चेहरा सैल, सारखा, शांत केला होता. ओठ मिटलेले. कपाळावर एकही आठी नाही. हा चेहरा काढायला त्याला बघावंही लागलं नसतं; तो त्याच्या बोटांत त्रेचाळीस वेळा बसलेला होता.

त्याने कोळसा खाली ठेवला. तिच्या मनगटावर एक माशी येऊन बसली, ती त्याने रंगाच्या फडक्याने हलकेच हाकलली. ऊन सतरंजीवरून सरकत तिच्या पावलांशी आलं. आळीत कुठेतरी कुणी तांदूळ पाखडत होतं. पुंडलिक कोरा कागद मांडीवर घेऊन, आवाज होऊ नये म्हणून पायही न हलवता, ती जागी होण्याची वाट बघत बसून राहिला.